हॉटडॉगच्या वरचं

हॉटडॉग गोल असतो की लांब, यावरून माझं आणि माझ्या घरमालकांचं पहिल्याच संध्याकाळी भांडण झालं. मी वर्ध्याची. नोकरी सौंसरच्या वीज कार्यालयात लागली, पण तिथे मनासारखी खोली मिळेना, म्हणून पांढुर्ण्यात एका घराच्या वरच्या मजल्यावर राहायचं आणि रोज बसने जा-ये करायची असं ठरलं. सामान अजून जिन्यातच पडलेलं होतं. घरमालक काका एका हातात माझी बादली आणि दुसऱ्या हातात एक ताटली घेऊन वर आले. ताटलीत मधोमध कापलेला गोल बन, आत बटाट्याची टिक्की, वर हिरवी चटणी आणि कांदा.

"खा. हॉटडॉग हाय."

"काका, हॉटडॉग लांब असतो."

"लांब? लांब तर पाव असते."

"आणि त्यात सॉसेज असतं."

"थे काय असते?"

मी सांगितलं. त्यांनी बादली खाली ठेवली आणि मी त्यांच्या घरात कोंबडं कापायला आले असावे अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. "थे विलायतेत असल. आपल्या मध्यप्रदेशात हॉटडॉग गोलच असते. विश्वास नसल तं इंदूरले जाऊन पाय." एवढं बोलून ते खाली गेले, आणि दोनच मिनिटांत पुन्हा वर येऊन म्हणाले, "वर्ध्याले लांब देतात का? वर काय टाकतात?"

हे "वर काय टाकतात" मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की माझ्या कानात बसलं. सकाळी सहाला दार वाजायचं. मी दात घासत दार उघडायची, तर काका उभे. "वर्ध्याले पोह्यावर तर्री टाकतात का नुसता शेव?" उत्तर ऐकायला ते थांबायचेच असं नाही. अर्ध्या जिन्यात असताना पुढचा प्रश्न सुचलेला असायचा, मग तो तिथूनच ओरडून विचारायचे. मलाही एका जागी बसवत नाही, माझी आई त्यावरून मला बोल बोल बोलते. पण काकांपुढे मी अगदी शांत ठरायची.

ते पूर्वी जिनिंगमध्ये होते. कापसाच्या गाठी मोजून घ्यायचं काम. जिनिंग बंद पडली तेव्हा मुलगा इंदूरला नोकरीला लागलेला होता, त्याच्याकडे महिनाभर राहायला म्हणून गेले. तिथे कुठल्याशा गल्लीत त्यांनी तव्यावर तुपात शेकलेला गोल हॉटडॉग पाहिला आणि आठवडा भरायच्या आत परत आले ते गाडी लावायचं ठरवूनच. मुलाला वाटलं सुनेचं काहीतरी बोलणं मनाला लागलं. त्याची समजूत काढायला काकूंना दोनदा फोन करावा लागला.

गाडी स्टेशनच्या रस्त्यावर लागायची. संध्याकाळी तव्याभोवती काका प्रदक्षिणा घालत असायचे. स्टुलावर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. स्टूल काकूंसाठी होतं. बन तव्यावर टाकायचा, पानठेल्यावर जाऊन दोन शब्द बोलायचे, परत यायचं, बन उलटायचा, नागपूरची गाडी आली का ते बघायला फाटकापर्यंत जायचं. बन करपला की गिऱ्हाईकाला सांगायचे, "थोडा काळा झाला का मजबूत होते."

त्यांचा एक सिद्धांत होता. बन काय, सगळीकडे सारखाच. टिक्की पण सारखीच. गाव ओळखू येतं ते वरच्यावरून. "वरचं" हा त्यांचाच शब्द. चटणी, कांदा, शेव, मसाला, जे काही शेवटी हाताने वर घातलं जातं ते सगळं वरचं. इंदूरवाले हिरवी चटणी आणि कांदा घालतात, त्यांचं ठरलेलं आहे. नागपूरवाले पांढरा सॉस पिळतात आणि त्यावर शेव उधळतात, तेही ठरलेलं आहे. छिंदवाड्याला पत्ताकोबी. "अन् आपलं? आपलं काय हाय? बोली नागपूरची, सरकार भोपाळचं, चटणी इंदूरची. आपल्या गावचं वरचंच नाई."

मी चिडवायची, "दगड आहेत ना तुमचे."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, त्यावरून हा टोमणा. काकूंचं माहेर सावरगावचं. त्यामुळे काका मोठ्या समाधानाने म्हणायचे, "सासुरवाडी वर्षातून एकच दिवस दगड मारते. लोकायची तर रोज मारते."

गावाचं वरचं शोधायला ते खरंच हिंडायचे. सकाळच्या गाडीने नागपूर, दुपारच्या गाडीने परत. एकदा बैतूल, एकदा भोपाळ. आणि गंमत अशी की तिथे ते काही खायचे नाहीत. हॉटडॉग विकत घ्यायचा, स्टीलच्या डब्यात ठेवायचा आणि डबा मांडीवर धरून घरी आणायचा. घरी येईपर्यंत बन ओला, चटणी टिक्कीत मुरलेली, शेव गळून गेलेली. तो गारढोण लगदा ते काकूंपुढे ठेवायचे आणि उभे राहायचे.

कारण काका स्वतः चाखत नसत. त्यांच्या घरी नैवेद्याचा स्वयंपाक करताना कोणी चव बघायची नाही, देवाला दाखवल्यावरच काय ते कळायचं. असं पुष्कळ घरांत असतं. काकांनी तोच नियम उचलून गाडीवर आणला होता. खाऊ घालणाऱ्याने आधी खायचं नाही. "देवाचं देवाले, गिऱ्हाइकाचं हिले," असं ते म्हणायचे. म्हणजे गाडीवरचा पहिला हॉटडॉग काकूंचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, काकू पहिला घास घेऊन "बरोबर हाय" म्हणेपर्यंत दुसरा बन तव्यावर पडायचा नाही. माझ्यासारख्या माणसाचा जीव जायचा.

पण काकूंची जीभ तशीच होती. बुटक्या, गोऱ्या, बोलायला फटकळ. कोणाकडे लग्न असो की तेरवी, आचारी रश्श्याची वाटी झाकून काकूंकडे पाठवायचा. त्या बोटाने चाटायच्या आणि सांगायच्या, "धने करपले." किंवा, "तेल कालचं हाय." आचारी शपथा घ्यायचा, आणि मग मुकाट्याने दुसरा रस्सा चढवायचा. मी एकदा त्यांना माझ्या हातचं पिठलं दिलं. त्या म्हणाल्या, "भुकेल्या मानसाले चालते." मी त्यानंतर त्यांना पिठलं दिलं नाही.

मग करोनाची ती दुसरी लाट आली. काकू आठ दिवस तापल्या, वाचल्या, आणि त्यांची चव गेली. सगळ्यांचीच जाते, परत येते, असं लोक सांगायचे. लोकांची आली. काकूंची नाही आली. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वाट बघा म्हणाले. वाट बघता बघता काकूंचं खाणं अर्ध्या भाकरीवर आलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एकदा दुपारी मी त्यांना मोसंबी सोलून दिली, तर त्यांनी फोड तोंडात धरली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

"माती खाल्ल्यावानी लागते, पोरी," त्या म्हणाल्या. "मीठ नाई, तिखट नाई, काईच नाई. तुह्या काकाले सांगू नको."

"काकू, त्यांना कळलं नसेल का?"

"थोडंफार येऊन राहिलं असं सांगितलं मी त्यायले. नाई तर गाडी बंद करून घरी बसतीन अन् मले येडी करतीन."

म्हणजे रोज संध्याकाळी स्टुलावर बसून त्या पहिला घास घ्यायच्या, चावायच्या, आणि अंदाजाने सांगायच्या. बहुतेक वेळा "बरोबर हाय". मधूनच, संशय येऊ नये म्हणून, "मीठ कमी पडलं." काका लगेच चटणीत मीठ घालायचे. मग गिऱ्हाईक यायचं, खायचं, पाणी मागायचं, पुन्हा पाणी मागायचं. एका मास्तरांनी तर सरळ सांगितलं, "भाऊ, आज खारट झालं." काका म्हणाले, "हिनं चाखलं हाय. बरोबर हाय." मास्तर दुसऱ्या दिवसापासून समोरच्या समोशाच्या गाडीवर जायला लागले. हळूहळू बरेच जण जायला लागले.

मला ते सहन होईना. मी एक दिवस फाटकाजवळ काकांना गाठलं. म्हटलं, मी चाखते ना, ऑफिसमधून आल्यावर, गुपचूप. गिऱ्हाईक तुटतंय तुमचं.

ते पहिल्यांदाच एका जागी उभे राहिले.

"तुले काय वाटते, मले माईत नाई?" ते म्हणाले. "मागच्या होळीले चटनीत मी मीठच टाकलं नोतं. मुद्दाम. थे म्हनली, बरोबर हाय."

"मग?"

"मग काय? तिच्या जिभेवर ही गाडी उभी हाय. उद्या मी तुले चाखाले बसोलं, तं थे त्या स्टुलावरून उठल ना पोरी, अन् मंग जेवाले पन बसनार नाई. आत्ता निदान थो एक घास जाते पोटात. कामाचा म्हनून जाते."

आणि लगेच निघाले, कारण नागपूरची गाडी आली होती.

त्यानंतर त्यांच्या हिंडण्याकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. आता ते गावाचं वरचं शोधत नव्हते. काकूंच्या जिभेपर्यंत काहीतरी पोहोचवायला बघत होते. तोंडाने मात्र जुनंच चालू. मधल्या काळात पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, आणि काकांना आयतंच निमित्त मिळालं. "जिल्ह्याले कलेक्टर भेटला, एसपी भेटला. हॉटडॉग नाई भेटला अजून." रोज नवीन काहीतरी वर पडायचं. जवसाची चटणी. अंबाडीचा ठेचा. कैरीचा कीस. आल्याचा एवढा रस की बन पिवळा पडायचा. भिवापुरी मिरचीचा ठेचा त्यांनी घातला तेव्हा दोन कॉलेजच्या मुलांना रडू आलं, आणि काकू शांतपणे चावत म्हणाल्या, "बरोबर हाय." काका तव्याकडे तोंड फिरवून उगाचच फडक्याने तवा पुसत राहिले. मला तर आरडाओरडा करावासा वाटला. दोघंही एकमेकांना सांभाळत होते आणि काकू वाळत चालल्या होत्या.

अशातच माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न निघालं, सौंसरलाच. हल्ली लग्नात जेवणाच्या ताटाखेरीज चाट, डोसा असे ठेले लावतात. मैत्रीण म्हणाली, तुझ्या काकांचा हॉटडॉग ठेवू. मी हो म्हणून बसले, आणि घरी येईपर्यंत पस्तावले. गिऱ्हाईक तुटलं तर तुटलं, पण लग्नाच्या मांडवात खारट झालं तर माझी नोकरीच्या जागी काय अब्रू राहणार? पण काका इतके खूष झाले की मला नाही म्हणता आलं नाही. "सौंसर," ते म्हणाले. "जिल्ह्यातलं दुसरं गाव. तिथं आपलं वरचंच लागलं पाहिजे."

काकूंचे एक चुलतभाऊ रामाकोन्याला संत्र्याचा बगीचा करतात. मृगाचा बहार निघाला होता. काकांनी त्यांच्याकडून संत्री आणली, आणि रस नाही, फोडी नाहीत, सालीचा ठेचा करायचं डोक्यात घेतलं. संत्रं म्हणजे आपला जिल्हा, साल कोणी खात नाही म्हणजे नकलेची भीती नाही, असा हिशोब. सालीचा ठेचा काकूंच्या माहेरी करतात, पण त्याची रीत आहे. साल आतून खरवडून पांढरा भाग काढायचा, उकळायची, पाणी फेकायचं, पुन्हा उकळायची. लग्नाच्या सकाळी मी टेम्पोत सामान चढवत होते आणि काका घर ते टेम्पो, टेम्पो ते घर असे पळत होते. बन आले का, तवा बांधला का, काकूंची खुर्ची घेतली का. चुलीवर सालीचं पातेलं ठेवलेलं मी पाहिलं होतं. ते उकळलं की नाही, हे त्या गडबडीत कोणी पाहिलं नाही. काकांनी सालं तशीच काढली, मिरची-लसणाबरोबर वाटली आणि डब्यात भरली. अर्थात चाखली नाहीत.

मांडवात आमचा ठेला पाण्याच्या टाकीजवळ होता. काकूंनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं, त्यात त्या अजूनच लहान दिसत होत्या. लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. समोर वऱ्हाडातली पोरंसोरं रांग लावून. मैत्रिणीचे वडील, म्हणजे मुलीचे बाबा, मागे हात बांधून उभे, घामाघूम. काकांनी पहिला बन शेकला, टिक्की ठेवली, वर सालीचा ठेचा लावला, कांदा भुरभुरला, आणि ताटली काकूंच्या हातात दिली. मी मनात म्हणत होते, काकू, लवकर म्हणा बरोबर हाय, आणि देवा, खारट नको होऊ दे.

काकूंनी घास घेतला. चावला. थांबल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली, मग तोंड वाकडं झालं, आणि त्यांनी घास सरळ पदरात थुंकला.

"अवो, हे कडू हाय."

काका बन उलटायचा सराटा हातात धरून उभे. "काय म्हनलं?"

"कडू जहर हाय! ऐकाले येत नाई का? सालं उकळली नाई तुमी!"

"पुन्हा सांग."

"काय पुन्हा सांगू? लोकाच्या लग्नात हे खाऊ घालता का? माह्या मायनं असं केलं असतं तं आजीनं..." आणि मग त्या बोलता बोलता थांबल्या. जीभ टाळ्याला लावून पाहिली. त्यांना कळलं.

मुलीचे बाबा पुढे आले. "काय झालं? काही बिघडलं का?"

"कडू झालं!" काका त्यांचा हात धरून म्हणाले. "हिले कडू लागलं!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्या बिचाऱ्यांना काही समजेना. रांगेतली पोरं ओरडत होती, बन करपत होते, आणि काका काकूंपुढे उकिडवे बसून म्हणत होते, "अजून एक घास घे. शिव्या दे, पन घे." आणि काकूंनी खरंच दुसरा घास घेतला, शिव्या देत. मी टाकीच्या मागे जाऊन मनसोक्त रडले. मग येऊन बन उलटायला घेतले, कारण ते कोणीतरी करायलाच हवं होतं. ठेचा बाजूला ठेवून आम्ही नुसता कांदा आणि लिंबू घालून हॉटडॉग वाटले. मैत्रीण माझ्याशी बरेच दिवस धड बोलली नाही. तिला मी काय सांगणार?

घरी आल्यावर काकांनी मीठ दिलं, साखर दिली, चिंच दिली. काही नाही. दुसऱ्या दिवशी कारलं दिलं. ते लागलं. मेथी लागली. कडूलिंबाच्या पाल्याला काकू म्हणाल्या, हे जास्तच झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोणाकोणाचं असं एकेक करून येतं, बाकीचं येईल, नाहीही येणार. त्यानंतर काका कुठल्या गावाला डबा घेऊन गेले नाहीत. सालीचा ठेचा रोज व्हायला लागला, साल एकदाच उकळायची, दुसऱ्यांदा नाही. त्यात भाजलेली मेथी. तोच काकूंना आणि तोच गिऱ्हाइकाला, कारण हिला एक आणि लोकांना एक असं करायचं नाही. पहिला घास झाला की काकू ताटली खाली ठेवत नाहीत. सगळा हॉटडॉग संपवतात. बांगड्या अजून सैल आहेत, पण कोपरापर्यंत जात नाहीत.

माझी बदली झाली, तरी मी मधून जाते. मागे गेले तेव्हा नागपूरचे दोन तरुण गाडीवर उभे होते. एकाने घास घेतला, तोंड कसंनुसं केलं आणि बनमध्ये डोकावून पाहिलं.

"काका, हे कडू लागून राहिलं."

"लागते ना?" काकांचा चेहरा एकदम उजळला. "आमच्या जिल्ह्यात असंच असते." आणि मागे वळून ओरडले, "ऐकलं का? याले पन कडू लागलं!"

काकूंनी ताटलीतून मान वर केली नाही. तोंडात घास होता.

"मंग?" त्या म्हणाल्या. "मी काय खोटं सांगून राहिली?"